बाटलीचा पंचनामा

आमच्या चाचांचं एसटी स्टँडसमोर सोडावॉटरचं दुकान होतं. गोटी सोड्याचं. बाटल्या लोखंडी पिंजऱ्यात अडकवायच्या, गॅस सोडायचा आणि दांड्याने पिंजरा गरागरा फिरवायचा. पुढे कंपन्यांच्या रंगीत बाटल्या आल्या, क्रेट आले, दुकानावर कंपनीच्या खर्चाने रंगवलेली पाटी आली आणि ते यंत्र मागच्या खोलीत गेलं. ऑगस्ट २००३ मधली गोष्ट. सकाळी दुकानावरून चाललो होतो, तर चाचांनी हाक मारली. मांडीवर त्या दिवशीचा पेपर. एक बाटली त्यांनी उजेडासमोर धरली आणि म्हणाले, ‘‘क्यों रे शायर, इसमें दवा है बोलते. तेरेकू दिखती क्या?’’

आमच्या भागात पिकावर मारायच्या विषाला ‘औषध’ म्हणतात, तेच घरच्या दखनी बोलीत ‘दवा’ होतं. मला अर्थातच काही दिसलं नाही. मी बी.ए. मराठीचा माणूस; रसायनशास्त्राची आणि माझी ताटातूट दहावीनंतरच झाली. पण श्रोतेहो, चाचांचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, नाकाला कळत नाही, मग ‘आहे’ असं म्हणणाऱ्याला ते कळलं कसं? आणि त्याच्यावर विश्वास कुणी, कशाच्या आधारावर ठेवायचा? बरीच वर्षं मिळेल ते वाचत आणि ज्याला त्याला विचारत राहिलो. त्यातून जी कहाणी हाती आली, ती आज सांगतो.

५ ऑगस्ट २००३ रोजी दिल्लीत सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेच्या सुनीता नारायण यांनी पत्रकार परिषद घेतली. दिल्ली आणि आसपासच्या बाजारातून घेतलेल्या शीतपेयांच्या बारा ब्रँडमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले, असं त्यांनी जाहीर केलं. लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरीफॉस ही त्यातली मुख्य नावं. सगळ्या नमुन्यांची सरासरी युरोपातल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या ३४ पट निघाली होती. याच कंपन्यांच्या अमेरिकेत विकत घेतलेल्या दोन बाटल्याही तपासल्या होत्या, त्यांत काही आढळलं नव्हतं. या एका वाक्याने लोक जास्त चिडले असावेत. चाचा तर नक्कीच.

ही कहाणी खरं तर पाण्यापासून सुरू झाली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत या संस्थेने दिल्लीतले १७ आणि मुंबईतले १३ बाटलीबंद पाण्याचे ब्रँड तपासले होते. त्या वेळचा पाण्याचा नियम वाचण्यासारखा आहे. त्यात कीटकनाशकांसाठी आकडाच नव्हता. ती ‘आढळण्याच्या मर्यादेखाली’ असावीत, एवढंच म्हटलेलं होतं. वाचताना फार कडक वाटतं, पण जरा थांबून पाहा. आढळण्याची मर्यादा कुणाची? ज्याचा चष्मा जुना, त्याला कमी आढळणार. तपासणीची पद्धत जितकी ढोबळ तितकं पाणी शुद्ध! मी शब्दांचा धंदा करणारा माणूस आहे. इतक्या सोज्वळ शब्दांत एवढी मोठी पळवाट मी क्वचितच पाहिली असेल. त्या अहवालानंतर सरकारने जुलै २००३ मध्ये नियम बदलला आणि आकडा घातला: कोणतंही एक कीटकनाशक लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम, सगळी मिळून ०.५ मायक्रोग्रॅम. नियम १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. शीतपेयांच्या बाबतीत मात्र तेवढीही सोय नव्हती. बाटलीतल्या रंगीत पेयात कीटकनाशक किती असावं, याचा कायद्यात रकानाच नव्हता. मग गुन्हा तरी कसला?

०.१ मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे समजायला मला माझ्या भाच्याने मदत केली. तो एम.एस्सी. केमिस्ट्री करून पुण्याकडे एका तपासणी प्रयोगशाळेत लागला आहे. तो म्हणाला, ‘‘मामू, दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात साखरेचे एक-दोन दाणे टाका. झाली मर्यादा.’’ दहा अब्ज भागांत एक भाग. असा दाणा नुसता शोधायचाच नाही, तर तो साखरेचा की मिठाचा हेही शपथेवर सांगायचं. आणि टँकरमध्ये साधं पाणी नाही. साखर आहे, जळक्या साखरेचा रंग आहे, आम्ल आहे, कॅफिन आहे, फसफसणारा वायू आहे. म्हणून आधी गॅस घालवायचा, मग एका द्रावकात घुसळून कीटकनाशकं ओढून घ्यायची, ती गाळून साफ करायची आणि एवढ्या पेयाचा अर्क थेंबभर करायचा. ताक घुसळून लोणी काढावं, तसंच काहीसं. तो थेंब यंत्रात जातो.

पहिलं यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. ही पद्धत १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स आणि मार्टिन या दोघांनी मांडली. केसासारख्या पोकळीची तीसेक मीटर लांब नळी वेटोळं करून भट्टीत ठेवलेली असते. थेंबाची वाफ वायूच्या प्रवाहाबरोबर तिच्यातून जाते. प्रत्येक पदार्थ नळीच्या आतल्या लेपाला आपापल्या स्वभावाप्रमाणे रेंगाळतो आणि आपापल्या वेळेला बाहेर पडतो. लिंडेन आधी, डीडीटी बरंच मागून. नळीच्या तोंडाशी पहारेकरी बसलेला असतो. क्लोरीनवाल्या कीटकनाशकांसाठी सगळ्यात तिखट नजरेचा पहारेकरी १९५७ मध्ये जेम्स लव्हलॉक यांनी तयार केला. त्यात किरणोत्सारी पदार्थाच्या साह्याने इलेक्ट्रॉनांचा एक बारीकसा प्रवाह चालू ठेवतात. क्लोरीन असलेले रेणू आले, की ते इलेक्ट्रॉन गिळतात आणि प्रवाह खाली येतो. हे उपकरण तळहातावर मावेल एवढं. पण १९६० च्या दशकात अशाच तपासण्यांतून अंटार्क्टिकातल्या पेंग्विनच्या चरबीतही डीडीटी असल्याचं जगाला कळलं. तिथे तर कुणी फवारायलाही गेलं नव्हतं.

२००३ च्या अहवालामागे हाच पहारेकरी होता. आणि वाद नेमका इथे पेटला. कारण हा पहारेकरी चेहरा पाहत नाही. ‘अमुक मिनिटाला कुणीतरी आलं आणि त्याने इलेक्ट्रॉन गिळले,’ एवढंच तो सांगतो. त्याच मिनिटाला दुसराही कुणी इलेक्ट्रॉनचा भुकेला येऊ शकतो. गंधकाची संयुगं येतात, प्लास्टिकमधली काही द्रव्यं येतात. नळी बदलून पुन्हा पाहिलं तर संशय कमी होतो, पण पुरता जात नाही. कंपन्या म्हणाल्या, मास स्पेक्ट्रोमीटरने खात्री केली का? ती केलेली नव्हती. आपल्या गावाकडच्या भाषेत सांगायचं तर पंचनाम्यावर एकाच पंचाची सही होती. पंच खोटा नव्हता, पण एकटा होता.

हा दुसरा पंच कुठून आला, ती हकिकत मला सर्वांत गोड वाटते. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन विद्युतभारित वायूंचे किरण चुंबकाने वळवून फोटोच्या काचेवर उतरवत होते. १९१२-१३ च्या सुमारास निऑन वायूच्या किरणाने एकाऐवजी दोन रेघा उमटवल्या. एक वीस वजनाची, दुसरी फिकट, बावीसची. एकाच मूलद्रव्याचे दोन वजनांचे अणू! त्यांचे साहाय्यक फ्रान्सिस अ‍ॅस्टन त्याच्या मागे लागले. मध्ये महायुद्ध आलं. १९१९ मध्ये अ‍ॅस्टन यांनी नवं यंत्र उभं केलं आणि त्यात क्लोरीन घातला. क्लोरीनचा अणुभार साडेपस्तीस कसा, हे कोडं रसायनशास्त्रज्ञांना फार दिवस छळत होतं. काचेवर साडेपस्तीसची रेघ नव्हतीच. पस्तीसची होती आणि सदतीसची होती, ढोबळ मानाने तीनास एक या प्रमाणात. सरासरी साडेपस्तीस. अ‍ॅस्टन यांना १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कीटकनाशक हा विषय त्यांच्या स्वप्नातही नव्हता. डीडीटीचे कीटक मारण्याचे गुण पॉल म्यूलर यांना कळायला १९३९ साल उजाडायचं होतं.

आणि तरीही अ‍ॅस्टन यांची ती दोन रेघांची जोडी आज बाटलीतल्या डीडीटीची ओळख पटवते. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नळीतून आलेल्या रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. रेणू फुटतो. कुठे फुटेल हे त्याच्या बांधणीवर ठरलेलं असतं, म्हणजे मातीचं मडकं आणि काचेचा ग्लास एकसारखे फुटत नाहीत, तसं. तुकडे वजनाप्रमाणे वेगळे होतात आणि प्रत्येक वजनाची एक उभी रेघ कागदावर येते. डीडीटी फुटलं की सर्वांत उंच रेघ २३५ ची. त्या तुकड्यात क्लोरीनचे दोन अणू असतात, त्यामुळे शेजारी २३७ ची आणि २३९ ची रेघ यावीच लागते. २३५ ची रेघ नऊ हात उंच असेल तर २३७ ची साधारण सहा हात आणि २३९ ची एक हात. भाच्याने मला त्याच्या संगणकावर ही तीन रेघांची उतरंड दाखवली. ‘‘वेळ जुळली, तुकडे जुळले, तुकड्यांचं प्रमाण जुळलं, की मग सही करायची,’’ तो म्हणाला. तीन रेघा लय सांभाळून उभ्या होत्या. मात्रा मोजायची सवय असल्यामुळे असेल, मला तेवढं लगेच कळलं.

क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर ही दोन यंत्रं एकमेकांना जोडण्याचं काम १९५० च्या दशकाच्या मध्यात झालं. ते करणाऱ्या पहिल्यांमध्ये रोलंड गोल्के आणि फ्रेड मॅकलॅफर्टी होते, अमेरिकेतल्या डाऊ केमिकल कंपनीत. याच कंपनीने १९६५ मध्ये क्लोरपायरीफॉस बाजारात आणलं. विष आणि विषाची पारख एकाच छपराखाली! पुढे यंत्र फार मोठं होतं म्हणून अडत होतं, तर जर्मनीच्या वोल्फगांग पाउल यांनी चुंबकाऐवजी चार दांड्यांची युक्ती काढली आणि यंत्र टेबलावर मावू लागलं. त्यांना १९८९ चं नोबेल मिळालं.

डीडीटीवर मला जरा थांबायला हवं, कारण त्याची आणि माझी लहानपणची ओळख आहे. हिवतापाच्या मोहिमेचे फवारणीवाले वर्षातून ठरल्या वेळी गल्लीत यायचे. पाठीवर पंप. अम्मी गाद्या, भांडी, पिठाचा डबा सगळं अंगणात काढायची. भिंतींवर पांढरट ओघळ उमटायचे आणि जाताना माणूस दारावर गेरूने तारीख लिहून जायचा. दादी त्यांना चहा पाजायची, कारण डासांचं माहीत नाही, पण ढेकूण मरायचे. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला आणि त्याने असंख्य जीव वाचवले, हे विसरून चालणार नाही. हे डीडीटी सरकारी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स कंपनी बनवायची. तिचा एक कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनीला होता. शेतीत डीडीटी वापरायला १९८९ मध्ये बंदी आली. पण ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि मुरत राहतं. बोअरचं पाणी उपसून बाटली भरणाऱ्याच्या बाटलीत ते आलं, तर त्याला आमच्या दारावरच्या तारखाही थोड्या जबाबदार आहेतच.

पुन्हा २००३ कडे येतो. बातमीनंतर संसदेच्या उपाहारगृहात ती पेयं देणं थांबलं. कंपन्या न्यायालयात गेल्या, आपापल्या प्रयोगशाळांचे अहवाल दाखवू लागल्या. सरकारने मैसूरच्या आणि कोलकात्याच्या प्रयोगशाळांकडून तपासणी करून घेतली. २१ ऑगस्टला आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी लोकसभेत निकाल सांगितला. अंश सापडले होते, पण संस्थेने सांगितले त्यापेक्षा बरेच कमी. बारापैकी नऊ नमुने युरोपीय मर्यादेच्या वर. दोन्ही बाजूंनी विजयाचे ढोल वाजवले. बाटल्या वेगळ्या, त्या भरल्याचा दिवस वेगळा, मग आकडे सारखे येणार कसे, एवढा साधा प्रश्न त्या गोंगाटात हरवला.

दुसऱ्याच दिवशी संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. तोवरच्या अशा तीन समित्या तोफांच्या खरेदीवर आणि शेअर बाजारातल्या घोटाळ्यांवर बसल्या होत्या. ही चौथी, आणि विषय थंड पेयाची बाटली! अध्यक्ष होते आपले शरद पवार. समितीने ४ फेब्रुवारी २००४ रोजी अहवाल मांडला. बारा ब्रँडच्या प्रत्येकी तीन नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश असल्याचा संस्थेचा निष्कर्ष तिने बरोबर ठरवला आणि शीतपेयांसाठी मानकं करा, असं सांगितलं. त्याच वर्षी मे महिन्यात पवार केंद्रात कृषिमंत्री झाले.

मानकं ठरवण्याच्या बैठका मग चालतच राहिल्या. भारतीय मानक ब्युरोने २००५ मध्ये आकडे पक्के केले, पण ते बंधनकारक झाले नाहीत. २ ऑगस्ट २००६ रोजी संस्था दुसरा अहवाल घेऊन आली. या वेळी १२ राज्यांतल्या २५ कारखान्यांचे ५७ नमुने होते आणि मुख्य म्हणजे हातात मास स्पेक्ट्रोमीटर होता. पंचनाम्यावर दुसऱ्या पंचाची सही झाली. सरासरी निघाली ब्युरोच्या आकड्याच्या २४ पट. केरळने बंदी घातली, ती सप्टेंबरमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने उठवली. कंपनीने इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेचा अहवाल पुढे केला. आरोग्य मंत्रालयाच्या तज्ज्ञांनीही संस्थेच्या निष्कर्षांवर शंका घेतली. म्हणजे दुसरा पंच आला तरी भांडण मिटलं नाही. फरक एवढाच झाला, की ‘हे डीडीटी नसेलच’ असं म्हणणं अवघड झालं; वाद ‘किती’ आणि ‘चालेल का’ यावर आला. माझ्या मते ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे अन्नसुरक्षेचे २०११ चे नियम आले. त्यांत अनेक कीटकनाशकांच्या समोर धान्य, दूध, भाजी यांच्या ओळीत ‘कार्बोनेटेड वॉटर’ असा शब्द बसला आणि त्याच्यापुढे ०.००१ पीपीएम हा आकडा. बाटलीबंद पाण्याच्या मर्यादेहून तो दहा पट सैल आहे. पण रकाना झाला.

तेव्हा कंपन्यांची बाजू घेणारे एक म्हणत, ते मला अजूनही पूर्ण चूक वाटत नाही. ते म्हणत, दुधात आणि भाजीत याहून जास्त अंश असतात, मग आमच्याच बाटलीवर डोळा का? उत्तर असं, की दूध मूल वाढवतं, बाटली नाही. पण प्रश्नातलं खरं राहतंच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. तिथे विष ओळखायला अब्जांश मोजणारं यंत्र लागत नव्हतं. ते कपड्यांवरून निथळत होतं. दिल्लीतल्या बाटलीने संसद हलली. यवतमाळच्या बातमीला पहिल्या पानावर यायलाही दिवस लागले.

आमच्या भागात हे यंत्र घराघरांत माहीत झालं ते द्राक्षांमुळे. २०१० साली नाशिक-सांगलीची द्राक्षं युरोपात अडकली, क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाच्या वाढ रोखणाऱ्या द्रव्यामुळे. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात आणि सर्रास वापरत. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. शिवाय त्याची वाफच होत नाही, म्हणून जुन्या गॅसच्या नळीत ते सापडणारही नव्हतं. अशा रेणूंना द्रवातून अलगद उचलून विद्युतभारित तुषारांवर बसवायची युक्ती जॉन फेन यांनी शोधली होती आणि तिला २००२ चं नोबेल मिळालं होतं. नोबेलच्या व्याख्यानाचं नावच त्यांनी ‘रेणूंच्या हत्तींना पंख’ अशा अर्थाचं ठेवलं होतं. तासगावच्या बागायतदाराला फेन कोण हे ठाऊक नाही, पण ‘एलसीएमएस’ हा शब्द तो जिल्हाधिकाऱ्याच्या नावासारखा घेतो. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. निर्यातीच्या द्राक्षांसाठी प्रयोगशाळांवर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा तिथेच आहे, आणि द्राक्षाबरोबर वाइनमधल्या अंशांच्या तपासणीवरही तिथे काम झालं आहे.

चाचा आता नाहीत. २००३ च्या त्या आठवड्यात त्यांनी क्रेट परत पाठवले नाहीत. पैसे अडकले होते. आठ-दहा दिवस बाकाखाली ठेवले आणि मग विकले. मात्र त्या वर्षीच्या रमजानमध्ये इफ्तारला दुकानातून घरी एकही बाटली आली नाही. मागच्या खोलीतलं यंत्र त्यांनी बाहेर काढलं, घासलं आणि लिंबू सोडा सुरू केला. पाणी तेच होतं, दुकानामागच्या बोअरचं. ते कधी कुणी तपासलं नाही.

गेल्या खेपेला भाच्याकडे गेलो, तेव्हा त्याने एक अहवाल दाखवला. शेकडो कीटकनाशकांची नावं एकाखाली एक. बहुतेकांसमोर ‘आढळलं नाही’. मला ते जुने सोज्वळ शब्द आठवले आणि मी बोट ठेवलं. त्याने माझं बोट धरून शेजारच्या रकान्यावर नेलं. तिथे प्रत्येक नावापुढे लिहिलं होतं, आमच्या यंत्राला इतक्यापेक्षा कमी असेल तर सांगता येत नाही.